चौकातले पट्टे कोणी काढले?

१

चोऱ्यांचा मला आता कंटाळा आला आहे. नायब तहसीलदाराच्या खुर्चीत बसलं की वाळू, विहिरीवरची मोटार, रेशनचा तांदूळ, सगळ्यांच्या चौकश्या आळीपाळीने गळ्यात पडतात. एकदा तर बसथांब्याचे पत्रे गेले होते आणि ते सापडले तक्रार करणाऱ्याच्याच गोठ्यावर. पण पट्टे नाहीसे झाले, ते कोणी पुसले शोधा, असा हुकूम येईल असं वाटलं नव्हतं. प्रांतसाहेबांचा फोन आला तेव्हा मी विचारलं, पट्टे म्हणजे वनजमिनीचे का? ते म्हणाले, नाही हो मोहिनीताई, रस्त्यावरचे. पांढरे.

मोरदे हे आमच्या नंदुरबार जिल्ह्यातलं तापीकाठचं गाव. नगरपंचायत झाल्यापासून स्वतःला शहर म्हणवतं. शहराचा मध्य म्हणजे एकच चौक. अलीकडे शाळा आणि बसथांबा, पलीकडे बाजार आणि मैदान, आणि मधून उसाच्या ट्रॉल्यांचा रस्ता. जानेवारीत कारखाना जोरात असतो, तेव्हा तो रस्ता ओलांडायचा म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी देवाचं नाव घ्यायचं. म्हणून तिथे मागे पट्टे मारले होते. फिके पडले होते बिचारे, पण ड्रायव्हर लोक तिथे आले की ब्रेकवर पाय ठेवायचे, एवढं खरं.

गुरुवारी सकाळी ते पट्टे नव्हते. प्रत्येक पट्ट्यावर काळं डांबर फिरवलेलं. आणि त्याच सकाळी, त्याच जागी, रविना पावरा नावाची अकरावीतली मुलगी उसाच्या ट्रॅक्टरखाली आली. जीव वाचला, उजवी मांडी मोडली. ही पोरगी आठशे मीटर धावायची. जिल्ह्यात पहिली आलेली, पुढच्या महिन्यात नाशिकला विभागीय स्पर्धेला जाणार होती. डॉक्टर म्हणतात, चालेल. धावण्याचं विचारलं की ते दुसरंच काहीतरी बोलायला लागतात. तिचा बाप रायसिंग नगरपंचायतीतच रोजंदारीवर काम करतो, सातपुड्यातून उतरून आलेला, कमी बोलणारा माणूस.

गावाने निकाल दुपारच्या आत लावून टाकला. नगरपंचायतीत दोन तट आहेत. नगराध्यक्षा प्रमिलाबाईंना चौक हवा: पट्टे, गतिरोधक, पायी चालणाऱ्यांसाठी कठडा. बांधकाम सभापती गिरधरभाई पटेलांना मैदान हवं: धावपट्टी, प्रेक्षकांचा ओटा, पोरींसाठी कपडे बदलायची खोली. आधीच्या सभेत दोघांचं इतकं वाजलं की बसथांब्यावरची माणसं ऐकायला खिडकीखाली उभी राहिली. शेवटी दोघांचंही थोडं थोडं मंजूर झालं. आता चौकातले पट्टे गेले, म्हणजे गिरधरभाईंच्याच माणसांनी पुसले. हिशेब सरळ होता.

माझ्यासमोर दोन जबाब होते. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर योहान गावित म्हणत होता, पट्टे नव्हते. अपघातानंतर लगेच काढलेल्या फोटोतही ते नव्हते. पण रविनाने शुद्धीवर आल्याबरोबर पोलिसांना सांगितलं होतं, "पट्टे होते. मी बघितले."

सगळे म्हणाले, धक्का बसलाय पोरीला. मला मात्र ते पटेना. रोजच्या रस्त्यावर काय असतं आणि काय नसतं, हे माणूस धक्क्यातही विसरत नाही.

२

चौकात मी सकाळी जाऊन उभी राहिले. ऊन चढत होतं, ट्रॉल्या जात होत्या, आणि मी डांबराकडे बघत होते. येणारेजाणारे माझ्याकडे बघत होते. असल्या कामात आपण खुळे दिसतो, त्याची आता सवय झालीय.

एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली. डांबर फक्त पट्ट्यांवर होतं. कडा नीट धरलेल्या, मधल्या जागेत एक ओघळ नाही. सूड घ्यायला आलेला माणूस डबा ओततो आणि पळतो. इथे कोणीतरी वाकून, फडकं हातात धरून, सांडलेलं पुसत पुसत काम केलं होतं.

कोपऱ्यावर धर्मेंद्रची चहा-फाफड्याची टपरी आहे. पट्ट्यांमुळे त्याच्या दारात गाड्या उभ्या राहीनात, म्हणून त्याने मागे अर्जही दिला होता. संशय घ्यायला सोयीचा माणूस. त्याने चहा पुढे केला आणि स्वतःच विषय काढला.

"मन्हा धंदा बसना, ते खरं शे मॅडम. पन माले पुसनं ऱ्हातं ना, ते दिनना पुसतू, बठ्ठासना समोर."

त्याचा तोंडाळपणा गावाला माहीत आहे, म्हणून तो दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोरच पुसेल हे मला खरंही वाटलं. मग बोलता बोलता तो जरा अडखळला. त्या दिवशी पहाटे टपरी उघडली तेव्हा डांबर ओलंच होतं. भोवती चुना लावलेले दगड गोल मांडून ठेवले होते, कोणी त्यावरून जाऊ नये म्हणून. गिऱ्हाइकांच्या गाड्यांना अडचण होते म्हणून धर्मेंद्रने ते दगड उचलून गटाराकडेला लावले. सांगताना त्याने कपाळाचा घाम पुसला. दगड राहिले असते तर ट्रॅक्टर तिथे हळू झाला असता, हे त्याला कळलं होतं आणि कोणी विचारायच्या आधी ते बोलून टाकायचं होतं.

दगड गटाराजवळ अजून पडले होते. चुना लावलेले दगड नगरपंचायतच वापरते, खड्डा बुजवला की.

योहान पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसलेला सापडला. रोज येऊन हजेरी लावायची, असं त्याला सांगितलं होतं. नवापूरकडच्या डोंगरातला माणूस, भात कापून झाला की मजुरीने ट्रॅक्टर चालवायला इकडे येतो. पोरीला त्यानेच उचलून दवाखान्यात नेलं होतं. पळून गेला असता तर कदाचित सापडलाही नसता. ठाणेदार मला म्हणाले होते, पोरगी पट्ट्यांवर होती असं ठरलं तर हा आत जातो, त्याला कोणी वाचवत नाही.

मी त्याला एकच विचारलं, ती धावत आली का?

"नाही बाई. एरवी कधी दिसली तर झपकन निघून जाते, मी बघतो ना. त्या दिवशी मधेच उभी राहिली. खाली बघत होती. मी हॉर्न दिला, ब्रेक मारला, पण माल भरलेला. ती हललीच नाही."

धावणारी पोरगी भर रस्त्यात खाली बघत का उभी राहते?

३

प्रमिलाबाईंनी मला बसायला खुर्ची दिली आणि लगेच गिरधरभाईंच्या चार पिढ्या काढल्या. बाई वाईट नाहीत. त्यांची जाऊ याच चौकात मोटारसायकलखाली सापडून वर्षभर खाटेवर होती, तेव्हापासून त्यांनी हा विषय धरला आहे. पण राग माणसाला एकाच दिशेने बघायला लावतो. त्यांच्या मते गिरधरभाईंनी माणसं पाठवून पट्टे पुसले, कारण चौकाचं काम आधी होतंय हे त्यांना सहन झालं नाही. पुरावा काय, असं विचारलं तर म्हणाल्या, पुरावा कशाला हवा, तो माणूसच पुरावा आहे.

गिरधरभाई केळीच्या बागेत होते. बांधावर उभं राहूनच बोलणं झालं. रागावण्याऐवजी ते थकल्यासारखे वाटले, आणि मला ते बरं वाटलं, कारण मीही थकले होते.

"आम्ही मैदान मांगं, हाऊ काय गुन्हा शे?" ते म्हणाले. मग त्यांनी जे सांगितलं ते आतापर्यंत कोणीच मला सांगितलं नव्हतं. त्याच गुरुवारी सकाळी मैदानावरची धावपट्टीही नाहीशी झाली होती. शाळेच्या सरांनी चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेघा, ज्यांवर रविना आणि बाकीच्या पोरी सराव करायच्या, त्या खराट्याने झाडून साफ. गिरधरभाईंनी तक्रार केली, पण चौकात पोरगी पडलेली, मैदानाच्या रेघांचं कोण ऐकणार? त्यांची खात्री होती की हे प्रमिलाबाईंच्या लोकांचं काम.

मी मैदानावर गेले. खराट्याचे फराटे अजून दिसत होते, सगळे एकाच दिशेने, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. तोच निगुतीचा हात. घाई नाही, राग नाही.

मैदानाच्या कडेला एका दगडावर बसून मी विचार करत राहिले. चौकाच्या वैऱ्याने चौक पुसला आणि मैदानाच्या वैऱ्याने मैदान, असं मानलं तर दोन वैरी एकाच पहाटे, एकमेकांना न विचारता, सारख्याच नीटनेटकेपणाने कामाला लागले होते. असं होत नाही. हात एकच होता. आणि चौक आणि मैदान दोन्ही नको असलेला माणूस मोरद्यात नव्हता.

म्हणजे हे करणारा कोणाचाच वैरी नव्हता. मग त्याने हे केलं तरी का?

४

दवाखान्यात रविनाचा पाय वजन लावून टांगलेला होता. खाटेशेजारी तिची आई कमलीबाई बसली होती. तिला मराठी थोडंच येतं. मी रायसिंगबद्दल विचारलं तेव्हा तिने दाराकडे बोट केलं. तो डबा घेऊन येतो, बाहेर ओट्यावर बसतो, पोरगी झोपली की डोकावून जातो. जागी असली की आत येत नाही. नर्स म्हणाली, बापाला बघवत नसेल. मलाही तसंच वाटलं तेव्हा. त्या माणसावर एवढं कोसळलं होतं की त्याला काही विचारावं असं कोणाच्याच मनात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

रविना नीट बोलत होती, शाळेतल्या मराठीत, एकेक शब्द जपून. त्या दिवशी ती सरावाला मैदानावर गेली. रेघा नव्हत्या. रेघांशिवाय सराव कसला, म्हणून सरांना सांगायला शाळेकडे निघाली. एरवी ती शाळा भरेपर्यंत मैदानावरच असायची आणि ट्रॉल्यांची गर्दी सरल्यावर चौक ओलांडायची. त्या दिवशी लवकर आली.

चौकात पट्टे होते का, असं मी विचारलं. होते, असं ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मग मधे का थांबलीस? ती म्हणाली, चप्पल चिकटली.

"कशाला चिकटली?"

"डांबराला. ओलं होतं."

बोलून गेली आणि तिच्याच लक्षात आलं. पट्टे होते तर त्यांच्यावर ओलं डांबर कुठून आलं? मी तेवढंच विचारलं, हळू आवाजात. तिने तोंड भिंतीकडे केलं. कमलीबाई आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली.

मला राग आला होता, खरं सांगते. तिचा नाही, या सगळ्याचाच. मी तिला सांगितलं की तू पट्टे होते म्हणतेस, म्हणजे पट्ट्यांवरून जाणाऱ्या पोरीच्या अंगावर योहानने ट्रॅक्टर घातला, असा त्याचा अर्थ होतो. तुला ज्याने उचलून इथे आणलं तो तुझ्या एका शब्दाने आत जाईल. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण शब्द बदलला नाही. पट्टे होते, एवढंच पुन्हा म्हणाली.

सोळा वर्षांची पोर, जिचं धावणं गेलं, ती ते घालवणाऱ्याला पाठीशी घालत होती. असं माणूस कोणासाठी करतं?

५

दुसऱ्या दिवशी मी नगरपंचायतीत गेले. मुख्याधिकारी योगेंद्र इनामदार साताऱ्याकडचे, तरुण, पहिलीच नेमणूक. दोन तटांच्या मधे बसून पोराच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. रस्ता सुरक्षा सप्ताहाचं उद्घाटन होतं त्यांच्याकडे. पाहुणे यायचे होते आणि त्यांना घाम फुटला होता.

त्यांनी मन मोकळं केलं. त्यांच्या मते तर सगळंच हातचं गेलं होतं. सभेत दोन्ही ठराव झाले, त्यांनी त्याच दिवशी रायसिंगला सांगून ठेवलं होतं की चौकातले आणि मैदानावरचे पट्टे सप्ताहाच्या आत काढून घे. नवा पांढरा रंगही मागवला होता. रायसिंगचा हात लागायच्या आतच कोणीतरी हे करून बसलं. आणि आता त्या बिचाऱ्याचीच पोर दवाखान्यात, त्याला रंगाचं तरी कसं विचारायचं?

मी मान हलवली, लिहून घेतलं, आणि माझ्याही काही ध्यानात आलं नाही. इतकी वर्षं कागदी मराठी ऐकून कान बधिर झालेत.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. पाहुण्यांची गाडी फाटकात आली होती आणि दारापुढची पायरी कोरी होती. झाडूवाल्या कालीबाई हातात खराटा घेऊन उभ्या. आदल्या दिवशी शाळेच्या पोरींनी तिथे रांगोळी घातली होती, ती जरा विसकटली होती. साहेबांनी सकाळी कालीबाईंना सांगितलं होतं, पाहुणे यायच्या आत दारात रांगोळी काढून घ्या. आणि आता इनामदार कपाळाला हात लावून विचारत होते की होती ती पण कुठे गेली.

कालीबाई अजिबात घाबरल्या नाहीत. "तुम्हीच सांगं ना साहेब, रांगोई काढी ल्या म्हनीसन. मी काढी लिन्ही."

लोक हसले. मी हसले नाही. मला इनामदारांचं मघाचं वाक्य आठवलं.

आमच्याकडे रांगोळी टाकतात. रेघ ओढतात. पट्टा मारतात. काढतात तो काटा, काढतात तो दात, काढतात कामावरून माणसाला. एखादी गोष्ट आधीच समोर असताना तुम्ही आमच्या माणसाला ती काढ म्हणालात, तर तो खराटाच उचलणार.

पाहुण्यांचा नारळ फुटला, हार झाले. मग मी इनामदारांना आत नेलं, दार लावलं आणि त्यांना म्हटलं, रायसिंगला जे सांगितलं ते पुन्हा जसंच्या तसं म्हणा. ते म्हणाले. अर्ध्या वाक्यात त्यांचा आवाज बसला.

मग म्हणाले, मी काढायला सांगितलं होतं हो, पुसायला नाही. शब्दाला दोन्ही अर्थ आहेत, यात माझी काय चूक? अहवालात 'कामगाराचा गैरसमज' असं घालता येईल का?

येईल, मी म्हटलं, पण गैरसमज एकट्याने होत नाही. आणि बाकीचं रायसिंगला विचारल्याशिवाय मी काही लिहिणार नव्हते.

६

तो दवाखान्याच्या ओट्यावर बसला होता, डबा मांडीवर. मी शेजारी बसले तसा उठायला लागला. मी हाताला धरून बसवलं. नखांच्या कडेला अजून काळं होतं. डांबर रॉकेलनेही लवकर जात नाही.

मी काही विचारायच्या आधीच त्याने बोलायला सुरुवात केली. कोणीतरी येऊन विचारील याची तो इतके दिवस वाट बघत होता, आणि कोणी आलं नव्हतं.

सभेच्या दिवशी तो दाराशी चहाचे पेले घेऊन उभा होता. आत एक ओरडत होता, चौकातले पट्टे कशाला? दुसरी ओरडत होती, मैदानावर रेघा कशाला? मग साहेब बाहेर आले, दमलेले. म्हणाले, चौकातले आणि मैदानावरचे पट्टे काढून घे.

"मी विचारलं, साहेब, दोन्ही? साहेब बोलला, दोन्ही. मला वाटलं, भांडण मिटवलं साहेबाने. याचं पण नको, त्याचं पण नको. बरं केलं, मला वाटलं."

म्हणून तो पहाटे गेला, रस्ता मोकळा असताना. आधी मैदान झाडलं, मग चौकात डांबर फिरवलं. कोणाचे पाय भरू नयेत म्हणून दगड मांडले. काम चांगलं झालं म्हणून घरी जाऊन समाधानाने झोपला. लोकांनी उठवलं ते पोरगी गेली असं ओरडत.

त्याने हे सगळं सपाट आवाजात सांगितलं. मग डबा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मीच टाकली तिला गाडीखाली, तो म्हणाला. रेघा असत्या तर ती मैदानावरच असती. पट्टे असते तर गाडी थांबली असती. दोन्हीकडून मीच.

मी बदली, बढती, निवृत्ती, सगळ्यांचा विचार करून कंटाळलेली बाई आहे, पण त्या क्षणी मला तिथून उठून जावंसं वाटलं, आणि उठता येईना.

"मॅडम, कामावरून काढा. केस करा. पोरीला फक्त सांगू नका. ती माझ्याशी बोलणार नाही."

कोणाला पाठीशी घालते ती, हे मला तिथे बसल्या बसल्या पुरतं उलगडलं. पहाटे सरावाला निघताना तिने बापाला काळ्या हातांनी घरी येताना पाहिलं असणार. मैदानावर तिला खराट्याचे फराटे दिसले. चौकात पाय चिकटला, तिने खाली पाहिलं, ती नीट धरलेली कड, ते गटाराला लावलेले दगड, आणि घरातल्या माणसाचं काम घरच्या माणसाने ओळखलं. म्हणून ती रस्त्याच्या मधे उभी राहिली. हॉर्न तिला ऐकूच आला नाही.

मी रायसिंगला म्हटलं, "तिला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून. तुझं नाव येऊ नये म्हणून ती पट्टे होते असं सांगतेय, आणि त्यापायी योहान अडकतोय."

त्याने तोंडावरचे हात काढले. माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी मान फिरवली. मग तो उठला आणि आत गेला. डबा ओट्यावरच राहिला, तो मी उचलला.

७

तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. रविना जागी होती. त्याने पावरीत बोलायला सुरुवात केली. मला ती भाषा येत नाही. साहेब हा शब्द कळला, पट्टे हा शब्द कळला. बाकीचं त्याच्या तोंडावरून कळत होतं. कमलीबाईने एकदा मोठ्याने श्वास घेतला आणि पदर तोंडात धरला. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं.

त्याचं बोलून झालं. मला वाटलं, आता ती ओरडेल. तिला ओरडायचा हक्क होता. तिचं आख्खं नाशिक, तिचा पाय, पहाटेचं ते धावणं, सगळं या माणसाच्या खराट्याखाली गेलं होतं, आणि त्याने ते मन लावून केलं होतं.

तिने बापाकडे खूप वेळ पाहिलं. मग माझ्याकडे.

"लिहा मॅडम," ती म्हणाली. "पट्टे नव्हते."

मी तिथेच, खाटेच्या लोखंडावर कागद ठेवून लिहिलं. तिने सही केली, पेन नीट धरता येत नव्हतं तरी. योहानकाकांची रोजची हजेरी आजच सुटेल का, असं तिने विचारलं. आजच, मी म्हटलं. ठाणेदाराकडे मी स्वतः जाणार होते.

अहवालात मी इनामदारांचं वाक्य जसंच्या तसं घातलं आणि खाली लिहिलं की संबंधित कामगाराने आदेशाचं पालन केलं. त्यावर कोणाला काय कारवाई करायची ती करू दे. इनामदारांनी ते दोनदा वाचलं, खोडायला पेन उचललं, आणि शेवटी न खोडता सही केली. प्रमिलाबाई आणि गिरधरभाई दोघांनाही अहवाल आवडला नाही. त्यांना वैरी हवा होता. पुढच्या सभेत ते पुन्हा भांडणार आहेत, पण निदान चौक आणि मैदान दोन्हींवर आता पांढरा रंग आहे.

हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी निघताना दारात थांबले. रायसिंग अजून पायथ्याशीच उभा होता, जवळ जायची त्याची हिंमत होत नव्हती. रविनाने सरकून, दुखत असताना सरकून, खाटेवर जरा जागा केली. त्याला कळेना. मग ती रागावल्यासारखी काहीतरी म्हणाली, पावरीतच, आणि हाताने ती जागा दाखवली. बाप जाऊन तिथे बसला. ती रडायला लागली, मोठ्याने, पाय मोडल्यापासून पहिल्यांदाच, असं नर्स मला नंतर म्हणाली.